अलंकारांची नावे आली कुठून?

पुण्याहून भाचीचा फोन आला होता. तिच्या मुलाला उपमा, रूपक, उत्प्रेक्षा पाठ होत नाहीत. "मावशी, ही नावं ठेवली तरी कुणी?" असे तिने वैतागून विचारले. प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर इथेच लिहिते.

सर्वांत जुनी यादी भरताच्या नाट्यशास्त्रात सापडते. त्यात अलंकार फक्त चार: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे भामह, दंडी, मम्मट अशा पंडितांनी त्यात भर घातली. सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त ही संख्या शंभराच्या वर गेली. म्हणजे मुलांच्या वाट्याला दहा-बाराच आले, हे त्यांचे नशीबच म्हणायचे!

पण सगळ्या संज्ञा पंडितांच्या घरून आल्या असे समजू नका. 'ओवी' हा शब्द घ्या. चालुक्य राजा सोमेश्वराच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात उल्लेख आहे, की महाराष्ट्रातल्या बायका धान्य कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी 1290 ची, म्हणजे त्यानंतरची. बायकांच्या तोंडी जे होते तेच ज्ञानदेवांनी गीतेच्या टीकेसाठी घेतले. पंडितांनी मुसळाच्या तालावरून उचललेली ही संज्ञा आहे, हे वर्गात सांगितले की मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा मान वर करून ऐकायच्या. त्यांच्या आज्यांना ओव्या येत होत्या ना!

'दृष्टांत'ही तसाच. अलंकारशास्त्रात तो आहेच, पण महानुभावांनी त्याला मराठीत घरचे केले. चक्रधरस्वामी शिष्यांना समजावताना ज्या छोट्या गोष्टी सांगत, त्या केसोबासांनी 'दृष्टांतपाठा'त एकत्र केल्या. आजही कीर्तनकार "एक दृष्टांत सांगतो" म्हणतात तेव्हा समोरची माणसे सावरून बसतात.

आणि 'कादंबरी'? ते तर एका नायिकेचे नाव. सातव्या शतकात बाणभट्टाने तिच्या नावाची गद्यकथा लिहिली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी नॉव्हेलसारखे लिखाण मराठीत सुरू झाले, तेव्हा त्याला नाव हवे होते. ते या नायिकेचे मिळाले. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' 1857 साली आले. ती मराठीतली पहिली कादंबरी मानतात. विषय विधवांच्या दुःखाचा. नाव राजकन्येचे आणि आत केशवपनाच्या कहाण्या!

आता उपमा आणि रूपक यांतला फरक. पुस्तकात व्याख्या असते. उपमेत उपमेय उपमानासारखे असते, रूपकात दोन्ही एकच मानतात. मुले हे पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. 1987 साली इकडे दुष्काळ होता. सातवीच्या एका मुलाने निबंधात लिहिले, "आमची माणगंगा वाळूच्या रस्त्यासारखी दिसते." दोन ओळींनंतर त्यानेच लिहिले, "माणगंगा म्हणजे वाळूचा रस्ता. आमची गुरं त्यावरून छावणीला जातात." मी तो निबंध वर्गात वाचून दाखवला आणि विचारले, मधला 'सारखी' कुठे गेला? एक मुलगी म्हणाली, "बाई, पाणी आटलं तसा तो पण आटला." यापेक्षा चांगली व्याख्या मला बीएच्या पुस्तकांतही मिळाली नव्हती.

मुद्दा हा, की त्या मुलाला रूपक हे नाव ठाऊक नव्हते, तरी ते त्याने वापरले. आपल्या भागातल्या मुलांना वर्षानुवर्षे सांगितले जाते, की तुमची भाषा अशुद्ध आहे. मग ती निबंध लिहितात तेव्हा पुस्तकी वाक्ये उसनी घेतात आणि स्वतःची नदी विसरतात. आपण बोलतो त्यालाच भरतमुनींनी नाव दिले आहे, हे कळले तर त्यांचा हात मोकळा होतो. आटपाडीजवळच्या माडगूळ्याचे व्यंकटेश माडगूळकर 1949 मध्ये 'माणदेशी माणसं' घेऊन आले ते इथलीच माती, इथलीच बोली घेऊन. 'व्यक्तिचित्र' म्हणजे काय हे समजावताना त्यानंतर मराठीच्या शिक्षकांना दूर जावे लागले नाही.

म्हणून भाचीला सांगितले, मुलाला यादी पाठ करायला लावू नकोस. आजीशी अर्धा तास बोलायला बसव. ती जे बोलेल त्यात 'सारखा', 'जणू', 'म्हणजे' कुठे कुठे येतात ते त्याला वहीत लिहू दे. अतिशयोक्ती तर पहिल्या पाच मिनिटांतच सापडेल, आमच्या ताईला मी चांगली ओळखते!

तुमच्या घरात जात्यावरच्या ओव्या कुणाला येत असतील तर त्याही उतरवून ठेवा आणि इथे जरूर कळवा. गाणाऱ्या बायका आता फार थोड्या उरल्या आहेत.