सभागृह आणि न्यायासन

दिल्लीतील रामकृष्णपुरम् ही केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी वसविलेली वसाहत. तेथून रोज सकाळी जे लोक कामावर निघतात ते कार्यकारी सत्तेचे हातपाय होत. कायदे करणारी संसद आणि त्यांचा अर्थ लावणारे सर्वोच्च न्यायालय याच नगरीत आहेत. तिघांची कामे राज्यघटनेने वाटून दिली आहेत. परंतु वाटणीची रेषा नेमकी कोठे आहे, हे बहुधा कोणी ती ओलांडू लागल्यावरच कळते. १९६४ साली उत्तर प्रदेशात असा प्रसंग आला आणि त्याचा निवाडा दिल्लीत झाला.

गोरखपूरच्या केशवसिंह यांनी एका आमदाराविरुद्ध पत्रक काढले. त्याबद्दल १४ मार्च रोजी विधानसभेने त्यांना समोर उभे करून समज दिली. आणि तेथील वर्तन व अध्यक्षांना लिहिलेले पत्र उद्धटपणाचे ठरवून सात दिवसांची कैद फर्मावली. १९ मार्च रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठावरील न्यायमूर्ती बेग व सहगल यांनी त्यांना जामिनावर मुक्त केले. तेव्हा २१ मार्चला विधानसभेने ठराव केला, की केशवसिंह, त्यांचे वकील आणि ते दोन न्यायमूर्ती या सर्वांनी सभागृहाचा अवमान केला असून त्यांना ताब्यात घेऊन सभागृहापुढे आणावे! उच्च न्यायालयाच्या २८ न्यायाधीशांनी एकत्र बसून या ठरावाच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. अखेर राष्ट्रपती राधाकृष्णन् यांनी घटनेच्या १४३ व्या अनुच्छेदान्वये सर्वोच्च न्यायालयाचे मत मागविले.

त्या वेळी सरन्यायाधीश होते साताऱ्यात जन्मलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. सात न्यायाधीशांपुढे विधानसभेचे म्हणणे असे, की १९४ व्या अनुच्छेदाने तिला ब्रिटिश कॉमन्स सभेचे विशेषाधिकार दिले आहेत. तिच्या हुकुमाची छाननी कोणी करू नये. ३० सप्टेंबर रोजी न्यायालयाने बहुमताने उत्तर दिले. इंग्लंडात पार्लमेंट सार्वभौम आहे. भारतात राज्यघटना श्रेष्ठ आहे. न्यायाधीशांच्या कर्तव्यविषयक वर्तनाची चर्चाही विधिमंडळात होऊ नये, असे २११ वा अनुच्छेद सांगतो. मग त्या वर्तनाबद्दल त्यांना शासन कसे करता येईल? न्यायमूर्ती सरकार यांनी मात्र भिन्न मत नोंदविले.

विशेष हे, की येथे न्यायालयाचा विजय आणि विधानसभेचा पराभव झाला असे म्हणता येत नाही. १९६५ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने केशवसिंहांचा अर्ज ऐकला आणि अवमानाबद्दल कैद देण्याचा सभागृहाचा अधिकार मान्य करून तो फेटाळला. नागरिकाला न्यायालयाचे दार उघडे राहिले. सभागृहाचा मानही राहिला.

पेशवाईत रामशास्त्री प्रभुणे यांनी सत्ताधीशाला दोषी ठरविले, तेव्हा त्यांच्या पाठीशी मुख्यतः स्वतःचे शीलच होते. शील आजही हवेच. परंतु लखनौच्या त्या दोन न्यायमूर्तींच्या पाठीशी लिखित घटनाही उभी होती. सत्तेच्या वाटणीचे मोल यातच आहे.