सेतूपलीकडे जाण्यापूर्वीं

जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव. त्यांच्या संप्रदायाचा मठ पुढें तंजावरास झाला, आणि तेथील भोसले राजांच्या दरबारीं मराठी भाषा नांदली. तेव्हां गोदातीर व कावेरीतीर यांचें नातें कालपरवांचें नव्हे. या भागांतून काशी-रामेश्वराची यात्रा करणारांची परंपराहि जुनीच. रामेश्वर हें बेट आहे. 1914 सालीं पांबनचा रेल्वेपूल खुला होईपर्यंत यात्रेकरूला मंडपमहून होडींत बसूनच तेथें जावें लागे. त्याच वर्षीं धनुष्कोडीहून तलैमन्नारला आगबोट सुरू झाली, आणि लंकाद्वीपहि त्याच्या आटोक्यांत आलें. 1964 च्या डिसेंबरांतील वादळानें धनुष्कोडी उद्ध्वस्त केलें. समुद्राची ओढ मात्र त्यानें संपली नाहीं.

या समुद्राकडे निघणारानें तीर्थमाहात्म्य वाचावेंच. परंतु त्याच्या जोडीला आणखी एक वाचन करण्यासारखें आहे; तें म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची दक्षिणयात्रेची दैनंदिनी.

भातखंडे यांचा जन्म 1860 सालीं मुंबईस वाळकेश्वरीं झाला. पेशानें ते वकील. परंतु मन संगीतांत गुंतलेलें. 1904 सालीं ते दक्षिणेस निघाले आणि मद्रास, तंजावर, मदुरा, एट्टयपुरम् असा प्रवास त्यांनीं केला. देवळांचीं व निसर्गाचीं वर्णनें हा या दैनंदिनीचा विषय नव्हे. तींत आहेत ते संवाद. आजचे राग कोणत्या नियमांवर उभे आहेत? शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' कोणास उलगडला आहे काय? वकील साक्षीदाराची उलटतपासणी करतो, त्याच चिकाटीनें हे प्रश्न पंडितांपुढें मांडले गेले.

एट्टयपुरम् येथें त्यांची गांठ सुब्बराम दीक्षितांशीं पडली. दीक्षितांचा 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा प्रचंड तेलुगु ग्रंथ त्याच वर्षीं प्रसिद्ध झाला होता. दोघांची मातृभाषा निराळी, गायनपद्धति निराळी. तरी जिज्ञासा एकच. व्यंकटमखीनें सतराव्या शतकांत 72 मेलांची जी व्यवस्था लाविली, तिचें महत्त्व या यात्रेंत भातखंड्यांच्या मनावर ठसलें. पुढें 1910 च्या सुमारास 'श्रीमल्लक्ष्यसंगीत' हा त्यांचा संस्कृत ग्रंथ निघाला, आणि उत्तरेकडील राग 10 थाटांत बसविले गेले. आज महाराष्ट्रांतील संगीतविद्यालयांत विद्यार्थी थाट पाठ करतो, तेव्हां दक्षिणेचें हें ऋण त्याच्या ध्यानीं क्वचितच असतें.

तथापि या दैनंदिनीला दुसरी बाजूहि आहे. प्रश्नाचें उत्तर गाऊन देणारा, परंतु शास्त्र सांगूं न शकणारा कलावंत भेटला, म्हणजे भातखंडे अधीर होत. कानाला पटलेलें ग्रंथांत सांपडलें पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्या आग्रहानें विस्कळित विद्येला व्यवस्था आली, हें खरें. परंतु ज्यांच्याजवळ केवळ गळा होता, त्यांच्या पदरीं कित्येकदां उपेक्षाच आली.

या आग्रहाचा पडसाद समुद्रापलीकडेहि उमटला. लखनौस 1926 सालीं भातखंड्यांच्या प्रयत्नानें संगीतविद्यालय निघालें. तेथें लंकेचे विद्यार्थी येऊं लागले. 1952 सालीं त्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर हे रेडिओ सिलोनच्या कलावंतांची परीक्षा घेण्यास लंकेला गेले. सुनील शांत हे सिंहली गायक स्वतः लखनौचे विद्यार्थी. त्यांनींच ही परीक्षा देण्यास नकार दिला! सिंहली गाण्याचें मोल हिंदुस्थानी मापानें कां व्हावें, हा वादाचा मुद्दा होता. उलट अमरदेव हे लखनौस शिकले आणि ती विद्या आपल्या देशींच्या सुरांत मुरवून लंकेचे थोर गायक झाले. एकाच विद्यापीठाचीं हीं दोन फळें.

म्हणून बेटाकडे निघणारानें ही दैनंदिनी वाचावी ती दोन्ही बाजूंनीं. भातखंड्यांचें कुतूहल त्यानें अवश्य शिदोरीस बांधावें; परंतु घरून आणलेलें माप किनाऱ्यावर पाऊल टाकतांच बाहेर काढूं नये. तेथील नागस्वराचा वा कोळ्याच्या गाण्याचा सूर आधीं कानांत शिरूं द्यावा. त्याचें नांव व थाट मागाहून विचारतां येतील.