रेक्टर नावाची पोस्ट नव्हती तेव्हा

होस्टेल म्हटलं की आपल्याला मेसची पातळ आमटी आणि रात्री अकराला बंद होणारं गेट आठवतं. पण खेड्यातून आलेल्या पोराचं शिक्षण टिकणार की सुटणार, हे बरेचदा वर्गात नाही, होस्टेलातच ठरतं.

कर्मवीर भाऊराव पाटलांना हे पक्कं ठाऊक होतं. ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग. वेगवेगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, एकत्र जेवायची. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असं नामकरण झालं.

इतिहासात नाव भाऊरावांचं. साहजिकच आहे. पण आयडिया कितीही भारी असली तरी रोज सकाळी चूल कुणीतरी पेटवावी लागते ना! ते काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी केलं. मुलांच्या जेवणासाठी दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. 1930 मध्ये त्या वारल्या.

पुढे 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथे 'कमवा आणि शिका' रुजलं. पुणे विद्यापीठात याच नावाची योजना भाऊरावांच्या नावाने चालते. छानच. मात्र काम करून फी भरता येते. पोरगं आज जेवलं का, हे विचारायला माणूसच लागतो. होस्टेलचा खरा खर्च तोच, आणि तो कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही.