हद्दीच्या निशाण्या : खबर आणि दुरुस्ती यांच्या रीतीचा इतिहास
(पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

जमिनीत रोवलेली खूण ही मानवी व्यवहारातील एक अत्यंत जुनी संस्था आहे. शेताच्या कोपऱ्यावरील दगड, गावाच्या शिवेवरील वरोळी म्हणजे मातीचा उंचवटा, डोंगरमाथ्यावरील मोजणीचे स्थानक या सर्वांचे प्रयोजन एकच असते. कागदावर लिहिलेली गोष्ट जमिनीवर पुन्हा सापडावी, एवढ्यासाठी त्या उभारल्या जातात. मात्र अशी खूण उघड्यावर, बहुधा एकाकी असते. ती पावसाने खचते, नांगराला लागते, रस्त्याच्या कामात उखडली जाते आणि कधी जाणूनबुजून सरकविली जाते. त्यामुळे खूण कोणी रोवली या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न उभा राहतो. ती बिघडली तर कोणी सांगावयाचे, कोणाला सांगावयाचे आणि दुरुस्ती कोणी करावयाची?

महसुली इतिहासाच्या अभ्यासात सारापद्धती, कूळकायदा आणि जमीनधारणा या विषयांना योग्य ते स्थान मिळाले आहे. हद्दीच्या निशाण्यांची देखभाल हा विषय त्या मानाने दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात पालघर व बोईसर-तारापूर हा परिसर डोळ्यांसमोर ठेवून या देखभालीच्या रीतीचा मागोवा घेतला आहे. अखेरीस इ.स. २००० नंतर जगभर पसरलेल्या ‘जिओकॅशिंग’ या शोधखेळातील देखभालीच्या शिष्टाचाराशी तिची तुलना केली आहे.

ताम्रपट, गधेगाळ आणि शापाची राखण

तारापूरला लागून असलेल्या चिंचणी येथे सापडलेले ताम्रपट उत्तर कोकणाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानले जातात. त्यांतील शके ८४८ (इ.स. ९२६) चा लेख राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील आहे. संयान म्हणजे संजाण मंडलाचा कारभार त्या वेळी मधुमती सुगतिप ऊर्फ महंमद या ताजिक अधिकाऱ्याकडे होता. शके ९५६ (इ.स. १०३४) चा लेख शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज याचा आहे. तत्कालीन भूमिदानाच्या लेखांत दान दिलेल्या जमिनीच्या चतुःसीमा सांगण्याची पद्धत होती. पूर्वेस अमुक गाव, पश्चिमेस अमुक ओढा, अशा शब्दांत हद्द सांगितली जाई. लेखाच्या शेवटी दान मोडणाऱ्याला पापाचे भय घालणारी वचने येत.

पुढे शिलाहार व यादव काळात हाच आशय दगडावर अधिक रोखठोक रीतीने कोरला गेला. कोकणात आढळणाऱ्या गधेगाळांवर वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढवाचे शिल्प असते. दानाचा भंग करणाऱ्याला आणि त्याच्या कुळाला त्यातून शिवी दिलेली असते. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही तिचा अर्थ कळावा, अशी ही योजना होती.

या व्यवस्थेत गुन्हेगाराला शाप आहे. खबर देणाऱ्याला मात्र स्थान नाही. दगड कलला किंवा झिजला तर कोणी काय करावे, याविषयी शिळा मौन पाळते. चंद्र-सूर्य असेतोवर दान टिकावे ही तिची इच्छा होती. दगडाच्या देखभालीची तरतूद त्या इच्छेत अंतर्भूत नव्हती.

शीव जाणणारा साक्षीदार

मध्ययुगीन ग्रामव्यवस्थेत ही उणीव माणसाने भरून काढली. गावाची शीव राखणे आणि वाद झाल्यास ती दाखविणे हे महाराचे परंपरागत काम होते. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष निर्णायक मानली जाई. साक्षीने निकाल लागला नाही तर दिव्य करण्याची पद्धत होती. शिवेची माती डोक्यावर घेऊन ती शीव चालून दाखवावयाची, असे त्याचे एक रूप होते. खोटे चालणाऱ्यावर अरिष्ट येते, ही श्रद्धा त्यामागे होती.

या व्यवस्थेची एक विसंगती नजरेआड करता येत नाही. ज्याच्या स्मरणावर साऱ्या गावाच्या जमिनीची हद्द उभी होती, त्याला त्याच गावात गावकुसाबाहेर राहावे लागे. वतनाच्या नावाखाली त्याच्यावर असंख्य कामे लादलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्यामागे हीच वेदना होती. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. वेठ संपली हे न्याय्यच झाले. परंतु हद्दीचे जिवंत स्मरण वाहणारी व्यक्तीही त्याबरोबर व्यवस्थेतून गेली. तिची जागा कागदाने पूर्णपणे घेतली का, हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे.

दुरुस्ती कोणाची, खबर कोणाची?

मुंबई इलाख्यातील शेतवार मोजणीला १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून गती मिळाली. गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला नियमबद्ध रूप दिले. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला आणि त्याच्या कोपऱ्यांवर दगड व वरोळ्या उभ्या राहिल्या. आता खुणांची संख्या एवढी वाढली की एका माणसाच्या स्मरणावर त्यांचा भार टाकणे अशक्य झाले.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने या खुणांच्या देखभालीची जी रीत घालून दिली, ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. तिचे चार घटक होते. पहिला, आपल्या जमिनीच्या निशाण्या सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी जमीनधारकाची. दुसरा, गावाच्या शिवेवरील निशाण्यांचा नाश किंवा अनधिकृत फेरबदल होऊ न देणे हे गावकामगारांचे कर्तव्य. तिसरा, निशाणी दुरुस्त करण्याविषयी आधी सूचना द्यावयाची, मुदत द्यावयाची, आणि तरीही काम झाले नाही तर अधिकाऱ्याने ते करून खर्च धारकाकडून वसूल करावयाचा. चौथा, निशाणी हेतुपुरस्सर पुसणाऱ्या, हलविणाऱ्या किंवा बिघडविणाऱ्याला प्रत्येक निशाणीमागे पन्नास रुपयांपर्यंत दंड. या दंडाचा अर्धा भाग खबर देणाऱ्याला देता येत असे आणि उरलेल्या अर्ध्यातून ती निशाणी पूर्ववत करण्याचा खर्च भागवावयाचा होता.

हा चौथा घटक मार्मिक आहे. शापाच्या व्यवस्थेत ज्याला स्थान नव्हते तो खबर देणारा येथे कायद्यात आला, आणि दंडाची रक्कम थेट दुरुस्तीशी जोडली गेली. त्याआधी १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४३४ ने लोकसेवकाच्या अधिकाराने बसविलेली जमिनीची खूण नष्ट करणे वा हलविणे हा एक वर्षापर्यंतच्या कारावासाचा अपराध ठरविला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा अपराध कलम ३२६ मध्ये समाविष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ने धारकाची जबाबदारी, सूचना, वसुली आणि दंड ही जुनी चौकट मूलतः कायम ठेवली.

या साऱ्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. खबर कोणीही द्यावी. खूण मात्र ज्याला अधिकार आहे त्यानेच बसवावी. सद्हेतूने का होईना, पडलेला दगड अंदाजाने पुन्हा उभा करणारा शेजारी पुरावा दुरुस्त करीत नाही, तो नवा आणि चुकीचा पुरावा निर्माण करतो. पडलेला दगड वादाला निमंत्रण देतो हे खरे. परंतु चुकीच्या जागी उभा असलेला दगड वाद संपल्याचा भास निर्माण करतो, आणि तो अधिक घातक ठरतो.

डोंगरमाथ्यावरील स्थानके

याच काळात देशाची त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून तिचा आरंभ केला. १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मोजणीच्या कामावर असतानाच त्याचे निधन झाले. या मोजणीच्या स्थानकांवर दगडात बिंदू व वर्तुळ कोरलेले असे. अनेक ठिकाणी वरच्या खुणेच्या बरोबर खाली, त्याच ओळंब्यात दुसरी खूण पुरून ठेवलेली असे. वरची नष्ट झाली तर खालच्या खुणेवरून ती पुन्हा सिद्ध करता यावी, हा त्यामागील हेतू होता. खूण बिघडणारच, हे गृहीत धरून केलेली ही रचना होय. स्थानके स्थानिक अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केली जात आणि त्यांच्या स्थितीविषयी जिल्हा अधिकाऱ्यांकडून नियतकालिक अहवाल मागविले जात. येथेही खबर देणारा आणि दुरुस्ती करणारा हे दोन वेगळे घटक राहिले.

जिओकॅशिंग : एक समांतर शिष्टाचार

१ मे २००० रोजी अमेरिकी शासनाने जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेतील त्रुटी काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर याने ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक बादली दडवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून जिओकॅशिंग हा खेळ जन्मला. डबा दडवावयाचा, त्याचे स्थान कळवावयाचे, शोधणाऱ्याने तो उघडून आतील वहीत नोंद करावयाची आणि तो होता तेथेच परत ठेवावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे.

या खेळातील देखभालीचे संकेत १८७९ च्या अधिनियमाशी आश्चर्यकारक साम्य दाखवितात. डब्याची देखभाल ही तो ठेवणाऱ्याची जबाबदारी असते. वही भिजली, डबा फुटला असे आढळल्यास शोधणाऱ्याने ते स्पष्ट शब्दांत कळवावे. मालकाला अवधी द्यावा. त्याने दाद दिली नाही तर स्वयंसेवक पर्यवेक्षक डबा तात्पुरता बंद ठेवतात आणि शेवटी यादीतून काढतात. मालकाच्या संमतीविना हरवलेल्या डब्याच्या जागी दुसरा डबा ठेवणे अशिष्ट मानले जाते.

यांतील एक संकेत इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा. ‘सापडला नाही’ आणि ‘नाहीसा झाला’ ही दोन वेगळी विधाने मानली जातात. पहिले विधान शोधणाऱ्याच्या अनुभवाविषयी आहे, दुसरे वस्तूच्या स्थितीविषयी. अमेरिकेतील राष्ट्रीय भूमापन संस्थाही नागरिकांकडून मोजणीच्या जुन्या खुणांविषयी अहवाल स्वीकारताना हाच भेद पाळते. खूण सापडली नाही एवढ्यावरून ती नष्ट झाली असे धरले जात नाही. त्यासाठी पुरावा लागतो.

खेळ आणि महसूल यांत अंतर मोठे आहे. डबा हरवला तर एका दुपारचा विरंगुळा बुडतो. दगड हरवला तर एका कुटुंबाचे शेत वादात सापडते.

बोईसर-तारापूर : प्रश्नाचे आजचे रूप

या अंतराचा अर्थ पालघर परिसरात विशेषत्वाने जाणवतो. १९६९ मध्ये तारापूर अणुविद्युत केंद्राचे पहिले दोन संच कार्यान्वित झाले. बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढली. केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे, मालवाहू रेल्वेमार्ग आणि वाढवण बंदर अशा प्रकल्पांमुळे जमिनीची मोजणी हा येथील अनेक कुटुंबांच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंग ठरला.

भूसंपादनाचा मोबदला क्षेत्रावर, क्षेत्र मोजणीवर आणि मोजणी जमिनीवरील जुन्या खुणांवर अवलंबून असते. महाराष्ट्रात उपग्रहाधारित मोजणीसाठी कायमस्वरूपी संदर्भ स्थानकांचे जाळे उभे राहिले आहे आणि रोव्हर यंत्राने बिंदूचे स्थान अल्पावधीत मिळते. तरीही जुन्या नकाशावरील हद्द आजच्या जमिनीवर बसविताना मूळ दगड, बांध आणि वहिवाटीच्या खुणा पाहाव्याच लागतात. यंत्र बिंदू दाखविते. तो बिंदू कोणाच्या हद्दीचा आहे, हे खूण आणि अभिलेख मिळून ठरवितात.

वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी या समाजांतील अल्पभूधारकांपुढे यातून खरी अडचण उभी राहते. हद्द कायम करण्याच्या मोजणीसाठी अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते आणि लगतच्या धारकांना नोटिसा जाव्या लागतात. दगड नाहीसा झाल्याचे ध्यानात येते ते बहुधा वाद उभा राहिल्यावर किंवा संपादनाची मोजणी बांधावर आल्यावर. तोवर खबर देण्याची वेळ निघून गेलेली असते. कायद्याने देखभालीची जबाबदारी धारकावर टाकली असल्याने, त्या वेळी न दिलेली खबर त्याच्याच विरुद्ध जाते. गावकामगाराने फिरतीवर असताना निशाण्या पाहाव्यात आणि बिघाड वेळीच कळवावा, ही जुनी रीत दुबळ्या धारकाच्या बाजूने उभी राहणारी होती. कामाचा व्याप वाढत गेला तशी ती रीत क्षीण झाली, आणि तिच्या क्षीण होण्याची किंमत ज्याला मोजणीचे शुल्कही जड जाते त्याने मोजली.

निष्कर्ष

चिंचणीच्या ताम्रपटापासून रोव्हर यंत्रापर्यंत खुणेचे साहित्य बदलत गेले. तिच्या रक्षणासाठी आधी शापाचा, मग माणसाच्या स्मरणाचा आणि पुढे कायद्याचा आधार घेतला गेला. यांपैकी कायद्याची रीतच अशी की जिच्यात बिघाड गृहीत धरला गेला, खबर देणाऱ्याला स्थान मिळाले आणि दुरुस्तीचा अधिकार निश्चित झाला. ती रीत आजही संहितेत आहे. एका खेळाने कोणत्याही दंडाशिवाय, केवळ परस्पर संकेतांच्या बळावर तीच रीत चालविली, हे तिच्या व्यवहार्यतेचे गमक होय.

गावोगावी निशाण्यांची नियमित पाहणी व्हावी, ‘आढळली नाही’ आणि ‘नष्ट झाली’ अशा नोंदी स्वतंत्रपणे ठेवल्या जाव्यात, आणि खबर देणाऱ्याला पोच मिळावी, एवढ्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांना शिवेवरील दगड, गधेगाळ व मोजणीची स्थानके यांची स्थाननिश्चिती आणि स्थितीची नोंद हा क्षेत्रीय अभ्यासाचा विषय सहज करता येईल. विद्यार्थ्यांनी दगडाला हात लावू नये. जे दिसले ते दिनांकासह लिहून संबंधित कार्यालयास कळवावे. खुणेच्या रक्षणाचा आरंभ अशा नोंदीपासूनच होतो.