बोरघाटचा लोहमार्ग आणि शेअरांचे वेड



कर्जतहून पुण्याकडे निघालेली गाडी पळसधरी सोडून घाट चढू लागली, की आपण खिडकीशी सरकतो. दरी पाहतो, पावसाळा असला तर धबधबे पाहतो. हा मार्ग कोणाच्या पैशाने झाला, आणि तो पैसा लावणाराच्या मनात काय होते, हा प्रश्न मात्र आपल्याला सहसा सुचत नाही. आज मी तोच प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहे. कारण पैसा गुंतवताना माणसाचे मन कसे चालते, याचे दोन मोठे धडे या घाटाच्या इतिहासाशी निगडित आहेत.

पहिला धडा हमीचा. १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिनशुला रेल्वे कंपनी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात करार झाला. भांडवल इंग्लंडातील भागीदारांचे. त्यावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारची. रेल्वेची मिळकत कमी पडली, तर भर हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करातून पडावयाची. १८५६ च्या आरंभी घाटाचे काम सुरू झाले. १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे! ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर राबत होते आणि पटकीने माणसे पटापट मरत होती. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या आरंभी दंगा झाला. मूळ मक्तेदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने मक्ता पुढे चालवला. २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला.

या सर्व काळात लंडनच्या भागीदाराचे व्याज मात्र ठरलेले होते. हमी नसती तर हे भांडवल इकडे आलेच नसते, हे न्यायाने म्हटले पाहिजे. पण हमीने दुसरेही काही केले. हिंदुस्थान सरकारचे एक माजी अर्थमंत्री विल्यम मॅसी यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे स्वच्छ सांगितले, की आपला पैसा हुगळी नदीत फेकला काय किंवा विटा-चुन्यात घातला काय, धनकोला त्याचे सुखदुःख नव्हते. १८६७ च्या पावसाळ्यात याच घाटातला एक दगडी पूल कोसळला. नुकसानीची धग ज्याला लागत नाही, तो चौकशी करीत नाही.

दुसरा धडा लोभाचा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडे तोंड वळवले. सोलापूरपर्यंत रूळ १८६० सालीच पोचले होते. अडत होते ते घाटात. माल खंडाळ्याला उतरवावा, घाटातून खोपोलीला आणावा आणि तेथे पुन्हा गाडीत भरावा, अशी यातायात होती. १८६३ मध्ये ती संपली, ती नेमकी कापसाचे भाव गगनाला भिडले असताना. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला, असे सांगतात.

पैशाचा पूर आला आणि त्याला वाट हवी होती. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन-कंपन्या होत्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरावर पन्नास हजारांचे अधिमूल्य चढले! समुद्र जागचा हलला नव्हता. हलला होता तो केवळ भाव. घेणारा जमीन पाहत नव्हता, शेजाऱ्याचा नफा पाहत होता.

आपण म्हणाल, सामान्य माणूस भुलला, पण जाणते कारभारी तरी सावध असतील? बँक ऑफ बॉम्बे ही १८४० सालची प्रतिष्ठित पेढी. तिच्यात सरकारचे भाग होते, संचालक मंडळावर सरकारी माणसे होती. १८६३ च्या कायद्याने तिला शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. मग प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर, तारणाची फारशी छाननी न करता, कर्जे सुटू लागली. कर्जामुळे भाव चढे, आणि चढलेला भाव पाहून आणखी कर्ज मिळे. ठेवीदाराला वाटे, सरकार आहे. सरकारी संचालकाला वाटे, चिटणीस पाहत आहे. म्हणजे पहिलाच धडा पुन्हा आला, फक्त वेश पालटून.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण गेला. वार्ता येताच कापूस कोसळला. १ जुलै हा वायद्यांच्या फेडीचा दिवस. त्या दिवशी देणे कोणालाच झेपेना. २,८५० रुपयांपर्यंत गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला आणि १८६८ मध्ये ती बँकच मिटली.

भाव उतरू लागताच लोक बाहेर का पडत नाहीत? कानेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली याचा उलगडा केला. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचे दुःख माणसाला कितीतरी अधिक, सुमारे दुप्पट, बोचते. म्हणून तोटा पदरी घेऊन मोकळे होण्याऐवजी तो ‘पुन्हा चढेल’ या आशेवर बसून राहतो आणि अधिक बुडतो.

ही जुनी कथा आपल्या दाराशीच आहे. खालापुरातून द्रुतगती मार्ग गेला, कर्जतच्या माळांवर सुट्टीच्या घरांचे फलक लागले. विकणारा शेतकरी आणि घेणारा नोकरदार, दोघेही शेजाऱ्याने काय भाव मिळवला हेच आधी विचारतात. जमीन घेऊ नये असे मी म्हणत नाही. कापूस खरा होता, रेल्वे खरी होती, त्यांचा लाभही खरा होता. पण व्यवहारापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत: शेजाऱ्याचा भाव ठाऊक नसता, तर मी ही वस्तू या किमतीला घेतली असती काय? आणि बुडाले, तर कोणाचे बुडेल?

बोरघाटात, उतारावर निसटलेली गाडी अडावी म्हणून मुख्य मार्गापासून चढावर नेऊन सोडलेले फाटे आहेत. ब्रेक कधीतरी निकामी होईल, हे बांधणाऱ्याने आधीच धरून ठेवले. आपल्या मनाचाही ब्रेक निकामी होतो. असा एखादा फाटा प्रत्येकाने, गाडी सपाटीवर असतानाच, आपल्या संसारात बांधून ठेवावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.