इब्न फिरनास यांची राहून गेलेली शेपटी

गेल्या हिवाळ्यात जालन्याबाहेर, कापूस वेचून झालेल्या एका मोकळ्या शेतात माझा भाचा थर्माकोलचं रिमोटवरचं विमान उडवत होता. दोनदा ते नाकावर आपटलं. मी त्याला इब्न फिरनास यांची थोरवी सांगू लागलो, तर तो म्हणाला, "मामू, पहले दुम तो सीदी करने दो!"

आणि मला मूळ हकिकत आठवली. कुर्तुब्याचे अब्बास इब्न फिरनास इ.स. ८८७ मध्ये वारले. व्हॉट्सअ‍ॅपवर ते 'जगातले पहिले वैमानिक' असतात. त्यांच्या उड्डाणाचा प्रसिद्ध वृत्तांत मात्र अल-मक्करी यांचा, सतराव्या शतकातला, म्हणजे सातशेहून अधिक वर्षांनंतरचा. त्यात म्हटलंय की पिसं आणि पंख लावून ते बरंच अंतर उडाले, पण उतरताना पाठीला इजा झाली. कारणही दिलंय: पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो, आणि शेपटी लावायचीच राहून गेली होती. फॉरवर्डमधून नेमकं हेच गळतं.

१८७१ साली पॅरिसमध्ये आल्फाँस पेनो यांनी रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान उडवलं. शेपटीमुळे तोल सांभाळत ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कात रेडिओलहरींनी छोटी बोट चालवून दाखवली. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या गुड या जुळ्या भावांनी रेडिओवर चालणारं मॉडेल विमान उडवलं. ते आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

भाच्याच्या विमानातही खरी सूत्रं शेपटीकडेच आहेत. तिची आडवी पट्टी हलली की नाक वर-खाली होतं, उभी हलली की डावी-उजवीकडे वळतं. आडवी पट्टी खाली झुकलेली राहिली, म्हणूनच ते आपटत होतं. फेकतानाही वाऱ्याकडे तोंड करून सरळ, आडवं सोडावं लागतं. आकाशाकडे भिरकावलं तर वेग मरतो आणि ते कोसळतं.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याचं असंच छातीठोकपणे सांगितलं जातं. खात्रीलायक समकालीन पुरावा मात्र नाही. अभिमानाची घाई कुणा एका समाजाची नाही. पण आपल्या पूर्वजाची चूक, तिच्या कारणासह, आपल्याच इतिहासकारानं नोंदवून ठेवली, ही मला उड्डाणाइतकीच मोलाची वाटते.

भाच्यानं पट्टी सरळ केली. तिसऱ्या फेकीत विमान बांधावरच्या बाभळीवरून वळून परत आलं.

तो फॉरवर्ड पुन्हा आला, तर पुढे जरूर पाठवा. फक्त शेपटीची गोष्ट जोडून पाठवा.