परळची दुसरी लस

इ. स. 1896 मध्यें मुंबईंत प्लेगची साथ उद्भवली, आणि 10 जानेवारी 1897 रोजीं डॉ. वाल्डेमार हाफकीन यांनीं आपण तयार केलेली लस प्रथम स्वतःच्याच अंगांत टोचून घेतली. 1899 मध्यें त्यांची प्रयोगशाळा परळास गव्हर्नरांच्या जुन्या वाड्यांत गेली. निरोगी माणसास रोगाशीं झुंजण्याची शक्ति आधींच देऊन ठेवावी, हा त्या वाड्याचा उद्योग.

त्याच परळांत 1941 मध्यें टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें. आणि 1983 मध्यें तेथें डॉ. सुरेश अडवाणी यांनीं जें केलें तें वरवर पाहतां अगदीं उलट होतें. रक्ताच्या कर्करोगानें ग्रासलेल्या नऊ वर्षांच्या मुलीची दूषित अस्थिमज्जा नष्ट करून तिच्या जागीं त्यांनीं तिच्या भावाची मज्जा घातली. भारतांतील हा पहिलाच असा प्रयोग. ही विद्या ते अमेरिकेंत सिएटल येथें डॉ. डोनल थॉमस यांच्याजवळ शिकले होते. थॉमस यांस पुढें 1990 चें नोबेल पारितोषिक मिळालें.

वर्तमानपत्रें रोपणाच्या दिवसाचा गाजावाजा करतात. आमच्या मतें खरा इतिहास त्यानंतर सुरू होतो, व तो फारसा कोणी लिहीत नाहीं. दात्याच्या मूलपेशी रक्तासारख्या शिरेंतून चढवितात. हाडांची वाट त्या आपण होऊन शोधतात. दोन ते चार आठवड्यांत पांढऱ्या पेशी दिसूं लागल्या, कीं घरचीं माणसें देवापुढें साखर ठेवतात. परंतु हे झाले नुसते पहारेकरी. शत्रूस नेमका ओळखणारे जाणते अद्याप यावयाचे असतात. त्यांची शाळा म्हणजे छातींतील थायमस ग्रंथि, आणि ती तर वयाबरोबर सुकत जाते. म्हणून प्रौढांस वर्ष-दोन वर्षें सहज लागतात. शिवाय नव्या पेशींनीं यजमानाच्याच देहावर उठूं नये म्हणून त्यांस दडपणारीं औषधें द्यावीं लागतात. म्हणजे एका हातानें वाढवावयाचें आणि दुसऱ्या हातानें आवरावयाचें!

याहून विलक्षण गोष्ट ही, कीं लहानपणीं टोचलेल्या लसींची देहाची आठवणहि बव्हंशीं पुसली जाते. चाळिशींतला गृहस्थ तान्ह्या बाळाप्रमाणें घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला यांच्या लसी पुन्हां घेऊं लागतो. गोवराची लस जिवंत विषाणूंची, म्हणून ती दोन वर्षांच्या आंत देत नाहींत.

आम्हां विरारकरांस यांतली अडचण विशेष जाणवते. परळास तपासणीला जावें तर गाडी, आणि त्या गाडींतली गर्दीच रोग्यास वर्ज्य. मुखपट्टी लावून दुपारची विरळ वेळ साधावी, नाहीं तर मोटारीचें भाडें सोसावें. घरीं पाणी उकळावें, अन्न ताजें रांधावें, मुलांच्या लसी चुकूं देऊं नयेत. आणि समाचाराला आलेल्या शेजाऱ्यांस दारांतूनच परत पाठवितांना गृहिणीची जी कुचंबणा होते, ती डॉक्टरांच्या कागदावर कोठेंच लिहिलेली नसते.